उजनीच्या माशात फ्लेम रिटार्डंट मोजायचंय, पण ब्लँकमधेच पीक येतोय

भीमाकाठ:

नमस्कार मंडळी, पुण्यात पर्यावरणशास्त्रात एमएस्सी चालू आहे, शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट आहे आणि गाइड मॅडमनी विषय दिलाय उजनीच्या माशातले पीबीडीई, म्हणजे टीव्ही-कॉम्प्युटरच्या बॉडीत, गाद्यांच्या फोममधे आग लागू नये म्हणून घालतात ती ब्रोमीनवाली केमिकलं. कारण सरळ आहे, मुळा-मुठेचं पाणी भीमेत आणि भीमेचं उजनीत, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड जे काय सोडतं ते शेवटी धरणाच्या फुगवट्यात येऊन बसतं.

आत्तापर्यंत चिलापी आणि कटला आणलेत भिगवणहून. १० ग्रॅम मांस, सोडियम सल्फेट घालून खलात कुटायचं, सॉक्सलेटमधे (सॉल्व्हंट फिरवत अर्क काढायचं काचेचं साधन) हेक्झेन-डीसीएम (डायक्लोरोमीथेन) अर्धंअर्धं रात्रभर, मग ॲसिड, मग सिलिका कॉलम, मग जीसी-एमएस, म्हणजे केमिकलं वेगळी करून त्यांच्या तुकड्यांच्या वजनावरून ओळखणारं मशीन. मशीन कॉलेजचंच आहे, जुनं सिंगल क्वाड, ईआय (इलेक्ट्रॉन आयोनायझेशन) सोर्स, ३० मीटरचा नेहमीचा कॉलम, इंजेक्टर २९० ला.

अडचण अशी की मासा न घालता नुसता ब्लँक चालवला तरी बीडीई-४७ आणि बीडीई-९९ या पीबीडीईच्या प्रकारांच्या जागी बारीक पीक येतातच, आणि बीडीई-२०९ चं तर स्टँडर्डच (माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण) दिसत नाहीये, मासा लांबच राहिला. मॅडम म्हणतात कॉलम बदल, सीनियर म्हणतो ब्लँक वजा कर आणि पुढे जा. शिवाय नुसतं मांस घ्यायचं का अख्खा मासा हेही कळेना, पेपरात दोन्ही दिसतं. कोणी हे काम हातानं केलेलं असेल तर प्लीज सांगा. (घरी आई विचारते की मग आता चिलापी आणायची का नाही, त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही.)

---

जीसी_घाशा:

मित्रा पहिलं म्हणजे सीनियरचं ऐकू नकोस. ब्लँक वजा करायचा असतो पण कधी, तर तो दर बॅचला तेवढाच येत असेल तेव्हा. आज ०.३ उद्या २ असा उड्या मारत असेल तर तू माशातून काय वजा करतोयस हे तुलाच माहीत नसतं.

पीबीडीईचं दुखणं हे की ते लॅबमधेच असतं. खुर्चीचा फोम, मॉनिटर, पंख्यावरची धूळ, एसीची धूळ. मी फूड टेस्टिंगमधे आहे नवी मुंबईत, आमच्याकडे या कामाला वेगळी खोली, खुर्च्या सगळ्या लाकडी, झाडू बंद फक्त ओलं फडकं, आणि काचेचं प्रत्येक भांडं भट्टीत ४५० डिग्रीला चार तास. मोजमापाची भांडी भट्टीत घालू नकोस, ती सॉल्व्हंटनी खळखळून. सोडियम सल्फेट आणि सिलिका पण भाजून घ्यायची, सॉक्सलेटचा थिंबल (नमुना ठेवायची कागदी नळी) आधी रिकामा चालवून धुवून घ्यायचा, बहुतेकांचा ब्लँक थिंबलमधून आणि सल्फेटमधूनच येतो. कुठून येतोय हे शोधायचं असेल तर एकेक पायरी वेगळी तपास: नुसतं सॉल्व्हंट आटवून इंजेक्ट कर, मग सॉल्व्हंट अधिक सल्फेट, मग थिंबलसकट. ज्या पायरीला पीक उभा राहतो तिथं चोर. आणि आटवताना नायट्रोजनची नळी कसली आहे बघ, प्लास्टिकची असेल तर बदल.

मग प्रत्येक बॅचमधे एक तरी पूर्ण ब्लँक, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं तसंच फक्त मासा नाही. असे सात-आठ ब्लँक जमले की त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढ. समज ब्लँक सरासरी ०.८ नॅनोग्रॅम येतोय आणि डेव्हिएशन ०.२, तर वजाबाकी केल्यावर तुझी खालची मर्यादा तिप्पट म्हणजे ०.६ नॅनोग्रॅम, १० ग्रॅम माशावर ०.०६ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम. त्याच्या खाली आलेला आकडा लिहायचा नाही, 'सापडलं नाही, मर्यादा ०.०६' असं लिहायचं. नुसतं 'सापडलं नाही' लिहिलंस तर वाचणाऱ्याला काही कळत नाही, मशीन बंद असलं तरी काही सापडत नाहीच की.

आता २०९. हा दहा ब्रोमीनवाला, वजन ९५९, गरम झाला की मोडतो आणि कॉलममधे जितका जास्त वेळ राहील तितका जास्त मोडतो. ३० मीटरच्या नेहमीच्या जाड फिल्मच्या कॉलममधून तो बाहेर येईपर्यंत त्याचा भुगा झालेला असतो. १५ मीटरचा, ०.१ मायक्रॉन फिल्मचा कॉलम लाव, इंजेक्टर थोडा खाली आण, लायनर नवा कोरा डीॲक्टिव्हेटेड. म्हणजे इथं तुझ्या मॅडमचं बरोबर आहे. दुसरं म्हणजे त्याचं स्टँडर्ड हेक्झेनमधे पातळ केलंस का? तो हेक्झेनमधे नीट विरघळत नाही, टोल्यूइनमधे ठेव. उजेडानं पण मोडतो, तपकिरी व्हायल नाहीतर फॉइल गुंडाळ. आणि मशीन किती मासपर्यंत स्कॅन करतं ते बघ. ईआयमधे २०९ ला साधारण ७९९ चा तुकडा बघायचा असतो, म्हणजे दोन ब्रोमीन गळालेला. जुनं क्वाड त्याच्या आधीच संपत असेल तर स्टँडर्ड कितीही ओत, दिसणार नाही.

---

भीमाकाठ:

दादा थँक्यू! मशीनचं आत्ताच बघून आलो, ८०० पर्यंतच आहे, म्हणजे ७९९ अगदी काठावर, ट्यूनिंग पण तिथपर्यंत नीट होत नाही असं ऑपरेटर काका म्हणाले. आणि आमच्या बॅलन्स रूममधे फोमवाली चाकाची खुर्ची आहे जिचा फोम बाहेर आलाय 😅 नमुनेही मी बाजारातल्या थर्माकोलच्या बॉक्समधून आणले होते, त्याचा काही संबंध?

---

लेकट्राउट_ताई:

भीमाकाठ, थर्माकोलचा संबंध आहे पण पीबीडीईशी नाही, एचबीसीडी नावाचं दुसरं ब्रोमीनवालं आहे ते मुख्यतः बांधकामाच्या थर्माकोलमधे घालत आले. खाण्याच्या बॉक्समधे असायला नको, पण रिसायकल मालाचं काय सांगावं. मासा थेट थर्माकोलला लावू नकोस, हेक्झेननी धुतलेल्या ॲल्युमिनियम फॉइलमधे गुंडाळून मग बर्फात. पुढे कधी एचबीसीडी मोजावंसं वाटलं तर ते जीसीवर घालू नको, १६० डिग्रीच्या पुढे त्याचे आयसोमर एकमेकांत बदलतात, त्याला एलसी-एमएसएमएस (गॅसऐवजी द्रवात वेगळं करणारं मशीन) लागतं.

मी मूळची साताऱ्याची, बरीच वर्षं ओंटारिओत आहे, ग्रेट लेक्सच्या माशांचे नमुने करणाऱ्या लॅबमधे काम केलंय म्हणून माशाच्या बाजूनं थोडं सांगते, मशीनचं घाशाभाऊंनी सांगितलंच आहे.

मांस का अख्खा मासा हे तुझा प्रश्न काय आहे त्यावर. तळ्याची तब्येत बघायची असेल, दर वर्षी वाढतंय का कमी होतंय, तर अख्खा मासा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा, ईपीएचा, ग्रेट लेक्सचा कार्यक्रम असाच चालतो, लेक ट्राउट ६०० ते ७०० मिलिमीटरचेच घ्यायचे, लेक एरीत त्याऐवजी वॉलआय ४०० ते ५०० चे, आणि पाच-पाच मासे अख्खे एकत्र दळून एक नमुना. लांबी ठरलेली का, तर मोठा मासा म्हणजे म्हातारा मासा, त्यानं जास्त वर्षं खाल्लंय. यंदा छोटे घेतले आणि पुढच्या वर्षी मोठे घेतले तर प्रदूषण वाढलं असं दिसेल आणि वाढलेलं असेल फक्त माशाचं वय. पण प्रश्न माणसाच्या ताटाचा असेल तर जे खातात तेच घे. इथे लोक फिले खातात म्हणून फिले. आपल्याकडे चिलापी खवले काढून कातडीसकट तुकडे, डोकं पण कालवणात, मग तू नुसतं पांढरं मांस मोजून 'खायला ठीक' म्हणालास तर तो आकडा कोणाच्याच ताटातला नाही. पोटाकडची चरबी नक्की घे, हे सगळं चरबीतच असतं.

आणि चरबी मोज!! तुझ्या पोस्टमधे कुठेच नाहीये. ॲसिड घालायच्या आधी अर्काचा ठरलेला भाग बाजूला काढून आटवून वजन घ्यायचं, कारण ॲसिडनी चरबी जळून जाते, नंतर काय मोजणार. ॲसिडच्या आधी डीसीएम पूर्ण काढून हेक्झेनमधे आण, आणि बाटलीत ॲसिड घालून हलवण्यापेक्षा ॲसिड लावलेली सिलिका कॉलममधे भर, नाहीतर इमल्शन होतं आणि अर्धा दिवस ते फुटायची वाट बघत बसावं लागतं.

चरबी का महत्त्वाची ते एका आकड्यात सांगते. लेक मिशिगनच्या सामनचा १९९६ चा नमुना होता, २००१ साली छापून आला, ओल्या वजनावर सरासरी ८० नॅनोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आसपास, आणि तेच चरबीवर मोजलं तर २४०० च्या वर. मासा तोच. आता कोणी चिलापीचा ओल्या वजनाचा आकडा घेऊन सामनच्या चरबीच्या आकड्याशेजारी ठेवला की उजनी एकदम स्वच्छ! असे तक्ते मी छापलेले पाहिलेत. दोन्ही आकडे दे आणि चरबीची टक्केवारी पण दे, म्हणजे वाचणारा स्वतः हिशोब करेल.

अजून एक, चिलापी आणि कटला एकत्र करून सरासरी काढू नकोस. माशागणिक शरीर वेगळं वागतं. साधा कार्प, म्हणजे आपण ज्याला सायप्रिनस म्हणतो तो, बीडीई-९९ चा एक ब्रोमीन काढून त्याचा ४७ करून टाकतो, त्यामुळे कार्पमधे ९९ जवळजवळ दिसतच नाही आणि ४७ फुगलेला. हे प्रयोगानं सिद्ध झालेलं आहे. म्हणजे ४७ दिसला म्हणून नदीत ४७ च सोडला गेला असं नसतं. २०९ चं पण तसंच, रेणू एवढा मोठा की आतड्यातून आत जातानाच अडतो आणि जो जातो त्याचे काही प्रमाणात ब्रोमीन निघतात. म्हणून गाळात २०९ भरपूर आणि माशात ४७ जास्त हे चित्र जगभर दिसतं. तुझं मशीन २०९ ला पुरत नसेल तर फार वाईट वाटून घेऊ नकोस, माशासाठी २८, ४७, ९९, १००, १५३, १५४ हे सहा नीट कर, युरोप पण गोड्या पाण्याच्या माशात याच सहांची बेरीज धरतं. २०९ साठी गाळ घे आणि तो बाहेरून करून घे.

---

पळसदेव_लाँच:

रसायन आपल्याला कळत नाही, पण मासा कळतो, घरचा धंदा आहे म्हणून बोलतो. भाऊ तू भिगवणच्या बाजारातून मासा घेतला म्हणजे तो उजनीचा असेलच असं नाही. आसपासच्या शेततळ्यातला माल पण तिथंच येतो, पिंजऱ्यातला पण येतो, त्यांना खाद्य विकतचं घातलेलं असतं. कटला रोहूचं तर बीजच बाहेरून आणून सोडतात, तो पाण्यात किती दिवस होता ते विचार. तुला धरणाचंच बघायचं असेल तर सकाळी होड्या काठाला लागतात तेव्हा जाळ्यातून काढतानाच घे, लिलावाच्या आधी, आणि कोणी कुठं जाळं टाकलं ते नाव लिहून घे. फुगवट्याच्या वरच्या टोकाला दौंडकडचा मासा आणि भिंतीजवळचा मासा हे दोन वेगळे प्रकार आहेत, वरच्या बाजूचं पाणी उन्हाळ्यात कसं होतं ते आम्ही बघतो.

शिवाय नुसती चिलापी का? ती शेवाळ न काय मिळेल ते खाते. मासे खाणारा मासा घे की, मरळ, शिंगाळा. वाम तळाला चिखलात राहते, तिच्यात गाळातलं जास्त येत असंल असं आपलं मला वाटतं, लेकट्राउट ताई सांगतील.

---

लेकट्राउट_ताई:

पळसदेव, अगदी बरोबर बोललात, शिंगाळा घ्यायलाच हवा, दुसऱ्या माशांना खाणाऱ्यात हे साचत जातं. मरळ पण घे पण तिच्यात चरबी फार कमी असते, त्यामुळे ओल्या वजनावर कमी दिसेल, चरबीवर बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नकोस. वामचा अंदाज पण पटतो, तळाच्या माशाचा गाळाशी संबंध जास्त. ते नाव लिहून घ्यायचं तर प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर असायला हवं. नमुना कुठला हेच माहीत नसेल तर पुढचं सगळं सॉक्सलेट वाया.

---

सरळ_सवाल:

मधेच विचारतो, राग मानू नका. या केमिकलांवर बंदी आलीये ना आपल्याकडे? मग हे मोजून काय मिळणार, शिसं-पारा मोजा ना, ते तरी लोकांना कळतं. आणि मुळात खायचं का नाही हे कोणी सांगेना.

---

जीसी_घाशा:

@सरळ_सवाल बंदी आली, मार्च २०१८ च्या नियमांत, सात केमिकलं होती, त्यात टेट्रा-पेंटा, हेक्झा-हेप्टा बीडीई (चार-पाच, सहा-सात ब्रोमीनवाले) आणि एचबीसीडी. पण बंदी येते नव्या मालावर, घरोघरचे जुने टीव्ही आणि सोफे कुठं जातात? भंगारात. तिथून फोडणाऱ्याकडे, तिथून गटारात. आणि ही वस्तू मोडत नाही लवकर, म्हणून तर बंदी आली.

बाहेरचा इतिहास बघ. गोड्या पाण्याच्या माशात हे पहिल्यांदा स्वीडनच्या व्हिस्कान नदीत सापडलं, १९८१ साली छापून आलं, काठाला कापडाच्या गिरण्या होत्या. मग स्वीडननीच १९७२ पासून साठवलेलं आईचं दूध काढून तपासलं तर १९९७ पर्यंत दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलेलं. पेंटा-ऑक्टा या बाजारातल्या पीबीडीई मिश्रणांवर स्टॉकहोम करारात (लवकर न मोडणाऱ्या विषारी केमिकलांवरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदी आली २००९ ला, डेका म्हणजे २०९ वर २०१७ ला. म्हणजे माशात दिसल्यापासून अठ्ठावीस वर्षं! ग्रेट लेक्समधे २००० नंतर आकडे उतरायला लागले हे कळलं कशावरून, तर कोणीतरी दर वर्षी तोच मासा तसाच मोजत होतं म्हणून. आपल्याकडे उतरतंय का चढतंय हे उजनीबद्दल कोण सांगणार, एकदा पाया तर घालायला हवा ना.

खायचं का याचा हिशोब असा. ईपीएनी २००८ मधे ४७ साठी रोजची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो वजन धरली, २०९ साठी ७. साठ किलोच्या माणसाला ४७ चे ६ मायक्रोग्रॅम रोज. आता समज (हा आकडा मी मनानं घेतोय, उजनीचा नाही) माशात ५ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम निघाला, पाव किलो खाल्ला तर सव्वा मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या बराच खाली. पण लहान पोराचं वजन पंधरा किलो, त्याची मर्यादा दीड. तिथं गणित तंग होतं. आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनी २०२४ मधे पुन्हा बघून सांगितलं की तिकडच्या लोकांच्या जेवणातून जेवढं जातंय ते काळजी करण्यासारखं असू शकतं, म्हणजे ईपीएची जुनी मर्यादा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. अमेरिकेत तर माशापेक्षा घरातली धूळ हाच मोठा रस्ता निघाला.

भीमाकाठ, आईंना सांग सध्या आणा, पोटाची चरबी काढून टाका. माझं मत आहे, नियम नाही.

---

भीमाकाठ:

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः पळसदेव दादा, तुमच्याकडे येतोच पुढच्या आठवड्यात, होडीत घ्याल का? फॉइल आणि बर्फ मी आणतो.

एक शेवटचं. रिपोर्टमधे युरोपच्या मानकाशी तुलना करावी असं मॅडम म्हणतात. तिथं सहांच्या बेरजेला ०.००८५ मायक्रोग्रॅम प्रति किलो आहे. माझं ४७ 'सापडलं नाही' आलं तर 'मानकाच्या आत' असं लिहू शकतो ना?

---

लेकट्राउट_ताई:

नाही!! ०.००८५ मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजेच ०.००८५ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम. घाशाभाऊंच्या उदाहरणातली मर्यादा ०.०६ होती, म्हणजे तुझी पट्टी मानकाच्या सातपट जाड. त्या पट्टीनं 'आत' म्हणताच येत नाही, 'ठरवता येत नाही' एवढंच लिहायचं. तसंही युरोपातले जवळजवळ सगळे मासे त्या मानकाच्या वर जातात, इतकं ते खाली ठेवलंय, त्यामुळे उजनी वर गेली तरी त्यात बातमी नाही आणि मथळा करू नकोस. तुलनेला दुसऱ्या तळ्यांचे आकडे घे, चरबीवर.

खाली उतरायचं असेल तर ईआय सोडून निगेटिव्ह केमिकल आयोनायझेशन असलेलं मशीन गाठ, मीथेन लावून ब्रोमाइडचे ७९ आणि ८१ बघतात, संवेदनशीलता कितीतरी चांगली. फक्त तिथं दोन खड्डे आहेत. ७९-८१ सगळ्याच ब्रोमीनवाल्यांचे येतात त्यामुळे कार्बन-१३ लावलेलं इंटर्नल स्टँडर्ड त्यात वेगळं ओळखू येत नाही, बीडीई-७७ सारखं माशात नसणारं काहीतरी घालावं लागतं (२०९ सुटतं यातून, त्याचा ४८६-४८८ चा वेगळा तुकडा येतो). दुसरं, डीबी-५ या नेहमीच्या कॉलमवर बीडीई-१५४ आणि जुनं पीबीबी-१५३ (हेही ब्रोमीनवालं आगरोधक) एकाच वेळी बाहेर पडतात. हे पीबीबी म्हणजे १९७३ ला मिशिगनमधे चुकून गुरांच्या खाद्यात गेलं होतं तेच. उजनीत ते असायचं कारण नाही, पण १५४ एकटाच उगाच फुगलेला दिसला तर आधी ईआयवर मास तपास.

आणि सर्टिफाइड मासा मिळतो का बघ मॅडमकडून, निस्टचा (अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था) १९४७ नंबरचा, लेक मिशिगनच्या माशाचा दळलेला नमुना, पीबीडीईचे आकडे छापलेले येतात. महाग आहे, पण थोडासाच लागतो आणि एखाद्या मोठ्या लॅबमधे उघडलेली बाटली असेल तर मागून घेता येतो.

---

पळसदेव_लाँच:

ये भाऊ, होडीत जागा आहे. पहाटे चारला निघतो आम्ही. शिंगाळा रोज मिळंलच असं नाही, दोनतीन दिवस मुक्काम धर. अन चप्पल घालून ये, बूट चिखलात जातील.

---

जीसी_घाशा:

आणि ती फोमची खुर्ची आधी बाहेर काढ बॅलन्स रूममधून. मासा आणायच्या आधी. मग भट्टीतून काढलेल्या भांड्यांवर तीन-चार ब्लँक चालव आणि इथं आकडे टाक, बघू किती उतरतायत.